व्हीएम रीबूट झाली की नेटवर्क कार्डाचं नाव का बदलतं, आणि ते कायमचं कसं बांधायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "काल चालू होतं, कुणी काही बदललं नाही, आज मशीनला नेटवर्क नाही." लिनक्स व्हीएमचा (व्हर्च्युअल मशीनचा) कन्सोल उघडून "आयपी ए" चालवलं की कार्ड जागेवर दिसतं, मॅक पत्ता (कार्डाचा हार्डवेअर पत्ता) दिसतो, ड्रायव्हरही लागलेला असतो. नाव मात्र भलतंच असतं. सेटिंगच्या फाइलीत ईएनएस३ लिहिलंय आणि मशीन ईएनपी१एस० दाखवतंय. कुणी काही बदललं नाही हे गेस्टपुरतं, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टिमपुरतं, अगदी खरं असतं. बदल बाहेर, होस्टवर म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या मशीनवर झालेला असतो, आणि गेस्टला तो फक्त नावातून कळतो.

आदेश, फाइली आणि पर्यायांची नावं मी खाली उच्चारतो तशी लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग वापरा.

माझ्यावर ही वेळ आली ती एका राउटर व्हीएमवर. तीन कार्डं होती: बाहेरचं, आतलं आणि मॅनेजमेंटचं. ईथ०, ईथ१ अशी जुनी नावं हाताला बसलेली, म्हणून कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बूट ओळीत "नेट.आयएफनेम्स=०" टाकून मी ईएनएस३ सारखी नावं देणारी नवी नावपद्धत बंदच करून टाकली होती. वर्षभर काही बिघडलं नाही. मग चौथं कार्ड जोडलं आणि मशीन रीबूट केलं. हायपरव्हायझरने (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) नव्या कार्डाला जी पीसीआय जागा (कार्डं जोडायच्या बसवरची जागा) दिली तिचा बस क्रमांक जुन्या तिघांच्या आधी येत होता. कर्नलने क्रमाने मोजलं, नवं कार्ड ईथ० झालं आणि बाकीची तिन्ही एकेक घर पुढे सरकली. नेटवर्क सरळ बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. आतल्या कार्डासाठी लिहिलेले मोकळेढाकळे फायरवॉल नियम आता बाहेरच्या कार्डाला लागू झाले होते, आणि ते लक्षात येईपर्यंत बराच वेळ गेला. चूक माझीच होती. मोजणीच्या क्रमाला मी ओळख समजून बसलो होतो.

आधी नाव कुठून आलं ते बघा

फाइली बदलायच्या आधी दोन मिनिटं निदानाला द्या. "डीमेसेज" मध्ये (कर्नलच्या नोंदींत) "रीनेम्ड फ्रॉम" हे शब्द शोधा. कर्नल प्रत्येक कार्डाला आधी ईथ०, ईथ१ असं कच्चं नाव देतो आणि नंतर युडेव्ह (उपकरणं ओळखून त्यांना नावं देणारा प्रोग्राम) ते बदलतो. कोणत्या ड्रायव्हरच्या कार्डाचं नाव कशावरून काय झालं हे त्या ओळीत स्पष्ट लिहिलेलं असतं. अशी ओळ नसेल तर युडेव्हने नाव बदललेलंच नाही. म्हणजे एकतर नवी पद्धत बंद आहे, किंवा युडेव्हला नाव ठरवण्याइतकी माहिती मिळाली नाही.

मग "युडेव्हएडीएम टेस्ट-बिल्टिन नेट_आयडी" हा आदेश द्या आणि त्यापुढे सिस/क्लास/नेट खालचा त्या कार्डाचा मार्ग लिहा. या कार्डाला कोणकोणती नावं मिळू शकतात त्याची यादी येते: ऑनबोर्ड, स्लॉट, पाथ, मॅक. शेवटी "नेटवर्कसीटीएल स्टेटस" आणि कार्डाचं नाव. त्यात "लिंक फाइल" अशी एक ओळ असते. नाव ठरवताना कोणती फाइल लागू झाली ते ती सांगते, आणि निम्म्या प्रकरणांचा उलगडा याच एका ओळीत होतो. तुम्ही लिहिलेल्या फाइलीऐवजी तिथे ९९-डिफॉल्ट.लिंक दिसत असेल, तर तुमची फाइल जुळलीच नाही.

नावांमागचा हिशेब असा. पूर्वी कर्नलला जे कार्ड आधी सापडेल ते ईथ०. ड्रायव्हर समांतर लोड होऊ लागल्यावर हा क्रम बेभरवशाचा झाला. त्यावर तोडगा म्हणून युडेव्ह प्रत्येक नव्या कार्डाचा मॅक पत्ता ७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स या फाइलीत टिपून ठेवायचं. ज्यांनी त्या काळात व्हीएम क्लोन केल्या (त्यांच्या हुबेहूब प्रती काढल्या) त्यांना पुढचं सांगायला नको. क्लोनला नवा मॅक मिळे, फाइलीत ईथ० हे नाव जुन्या मॅककडे राखून ठेवलेलं असे, आणि एकुलतं एक कार्ड ईथ१ होऊन बसे. म्हणून पुढे त्या यंत्रणेत व्हर्च्युअल कार्डांचे ओळखीचे मॅक उपसर्ग वगळायची वेळ आली. २०१३ साली सिस्टिमडी (लिनक्सच्या सेवा सुरू करणारी, युडेव्हला सामावणारी यंत्रणा) १९७ मध्ये आजची पद्धत आली: फर्मवेअरने क्रमांक दिला असेल तर ईएनओ, हॉटप्लग स्लॉटचा क्रमांक कळला तर ईएनएस, ते नाही तर पीसीआय मार्गावरून ईएनपी. मॅकवरून बनणारं ईएनएक्स सहसा शेवटचा पर्याय म्हणून येतं.

या पद्धतीला "प्रेडिक्टेबल" म्हणतात आणि खऱ्या सर्व्हरवर ते बऱ्यापैकी खरंही आहे, कारण तिथे स्लॉट म्हणजे पत्र्यातली खाच. व्हीएममध्ये स्लॉट म्हणजे होस्टवरच्या कॉन्फिगरेशन फाइलीतली एक ओळ. ती ओळ कुणीही, कधीही, नकळत बदलू शकतं.

कुठे काय बदलतं

क्यूईएमयूत (हा एक हायपरव्हायझर) जुन्या आय४४०एफएक्स मशीन प्रकारावर पहिलं कार्ड बऱ्याचदा ईएनएस३ दिसतं. तीच डिस्क क्यू३५ प्रकारावर चढवली की ते ईएनपी१एस० होतं, कारण क्यू३५ मध्ये कार्ड रूट पोर्टच्या मागे बसतं आणि मार्गात बस क्रमांक येतो. क्यू३५ वर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: मध्येच एखादा पोर्ट घुसला, समजा पासथ्रूचं (होस्टचं खरं, थेट व्हीएमला दिलेलं) उपकरण जोडलं, तर पुढचे बस क्रमांक सरकू शकतात आणि ज्या कार्डाला तुम्ही हातही लावला नाही त्याचं नाव बदलतं. प्रॉक्समॉक्समध्ये पहिलं कार्ड ईएनएस१८ दिसतं, क्यू३५ केलं की तेच ईएनपी६एस१८.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये ईएनपी०एस३ आणि ईएनपी०एस८ ही जोडी पाठ झालेली असते. व्हीएमवेअरमध्ये ईएनएस३३, ईएनएस१९२ अशी नावं येतात. तो आकडा व्हीएमएक्स फाइलीतल्या "पीसीआयस्लॉटनंबर" या ओळीतून आलेला असतो, हवेतून नाही. तिथे व्हीएमएक्सनेट३ ची कार्डं एकामागून एक जोडत गेलात तर ईएनएस१९२, ईएनएस२२४, ईएनएस२५६ आणि मग अचानक ईएनएस१६१ दिसतं. चौथं कार्ड दुसऱ्या पुलाच्या मागे जातं आणि त्याचा बस क्रमांक आधीचा निघतो. नवी पद्धत चालू असेल तर यात काही बिघडत नाही, नाव विचित्र दिसतं एवढंच. ती बंद असेल तर माझ्या राउटरवर झालं तेच होतं. जुन्या सेंटओएस ७ वर ईएनओ१६७७७७३६ असलं अगडबंब नाव पाहिलेलेही बरेच असतील. फर्मवेअरकडून आलेला निरर्थक मोठा आकडा सिस्टिमडीने ऑनबोर्ड क्रमांक म्हणून खरा धरला होता. नंतरच्या आवृत्त्यांनी १६३८३ च्या वरचे आकडे नाकारायला सुरुवात केली.

हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या हायपरव्हायझरवरचं सिंथेटिक कार्ड पीसीआयवर नसतंच, ते व्हीएमबस या त्याच्या स्वतःच्या बसवर असतं. त्यामुळे त्याला स्लॉट नाही, पीसीआय मार्ग नाही, आणि नाव ईथ० च राहतं. तिथे दोन कार्डं असतील तर तुम्ही पुन्हा मोजणीच्या क्रमावर आलात.

गेस्टच्या आतून होणारा बदल एकच, तो म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची मोठी आवृत्ती चढवणं. नाव बनवण्याचे सिस्टिमडीचे नियम आवृत्तीगणिक थोडे बदलत आले आहेत. सिस्टिमडी २४० पासून कर्नलच्या बूट ओळीत "नेट.नेमिंग-स्कीम=" लिहून जुनेच नियम धरून ठेवता येतात. उदाहरणार्थ व्ही२४०. ज्या मशीनला कन्सोल मिळवायला तिकीट काढावं लागतं, तिथे अपग्रेडच्या आधी मी हे न चुकता करतो.

होस्टवर काय बांधायचं

नाव शेवटी दोनपैकी एका गोष्टीवर टेकतं: पीसीआय जागेवर किंवा मॅकवर. दोन्ही होस्टच्या हातात आहेत, म्हणून आधी होस्टवर त्यातलं एक तरी खिळ्याने ठोकून टाका. मी मॅक निवडतो. कार्ड या स्लॉटमधून त्या स्लॉटमध्ये गेलं, मशीन प्रकार बदलला, अगदी व्हीएम एका हायपरव्हायझरवरून दुसऱ्यावर गेली, तरी मॅक हाताने लिहिलेला असला की तो सोबत नेता येतो.

आपोआप मिळालेल्या मॅकवर विसंबू नका. व्हीएमवेअरमध्ये मशीन हलवलं की "मूव्ह केलं की कॉपी केलं" असं विचारतात. घाईत "कॉपी केलं" दाबलं की नवा मॅक. व्हर्ट-क्लोन (व्हीएमची प्रत काढणारा आदेश) तर नवा मॅक देतोच, आणि द्यायलाच हवा. हाताने पत्ता ठरवताना पहिल्या जोडीतला दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असू द्या. तो पत्ता स्थानिक ठरतो आणि कुठल्याही खऱ्या कार्डाशी टक्कर होत नाही. ५२:५४:०० हा क्यूईएमयूचा ओळखीचा उपसर्ग याच गटातला आहे.

लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळायचं साधन) वापरत असाल तर आणखी एक सुंदर सोय आहे. इंटरफेसच्या एक्सएमएल तुकड्यात "एसीपीआय इंडेक्स" नावाचा घटक टाकता येतो. तिथे १ लिहिलं की गेस्टला फर्मवेअरकडून ऑनबोर्ड क्रमांक १ दिसतो आणि कार्डाचं नाव ईएनओ१ होतं, ते कुठल्याही स्लॉटमध्ये असो. गेस्टच्या आत एक अक्षरही लिहावं लागत नाही. एकाच टेम्प्लेटवरून बऱ्याच व्हीएम काढायच्या असतील, आणि होस्ट तुमच्या ताब्यात असेल, तर याच्याइतका स्वच्छ मार्ग मला माहीत नाही.

गेस्टमधली लिंक फाइल

होस्टवर हात नसेल, किंवा नावावरून काम कळायला हवं असेल, तर इटीसी/सिस्टिमडी/नेटवर्क या फोल्डरात .लिंक ने संपणारी फाइल लिहा. तिचे दोन भाग. "मॅच" या भागात "पर्मनंटमॅकअ‍ॅड्रेस=" आणि पुढे कार्डाचा मॅक. "लिंक" या भागात "नेम=" आणि पुढे हवं ते नाव. एवढंच. सिस्टिमडी-नेटवर्कडी (सिस्टिमडीची नेटवर्क सेवा) चालू असायची गरज नाही. ही फाइल युडेव्ह वाचतं, त्यामुळे नेटवर्कमॅनेजर वापरणाऱ्या मशीनवरही ती चालते.

इतकी छोटी फाइल, तरी ती न चालण्याची कारणं भरपूर आहेत, आणि त्यातली बहुतेक मी स्वतः अनुभवली आहेत.

नाव ईथ० किंवा ईथ१ ठेवू नका. हा मोह सगळ्यांना होतो. ती नावं कर्नल स्वतः वाटतो. तुम्ही एका कार्डाला ईथ१ म्हणायला जाता तेव्हा ते नाव दुसऱ्या कार्डाने आधीच घेतलेलं असू शकतं, आणि जर्नलमध्ये "फाइल एक्झिस्ट्स" अशी चूक दिसते. जुन्या युडेव्हवर अर्धवट राहिलेली रीनेम२, रीनेम३ अशी नावंही याच झटापटीतून आलेली असत. वॅन०, लॅन०, मॅनेज० असलं काही ठेवा. मर्यादा १५ अक्षरांची आहे.

फाइलीत "नेमपॉलिसी=" (नाव आपोआप निवडायचा क्रम) लिहू नका. ती असली आणि यशस्वी ठरली, तर "नेम=" कडे कुणी बघत नाही. नेटवरची उदाहरणं उतरवताना ही ओळ सोबत येते आणि मग तासभर कळत नाही की फाइल जुळूनही नाव का लागत नाही. उलट बाजू अशी की "नेट.आयएफनेम्स=०" फक्त पॉलिसी बंद करतं, "नेम=" त्यानंतरही चालतं. म्हणजे बूट ओळ तशीच ठेवून माझ्या त्या राउटरला वॅन० आणि लॅन० ही नावं देता आली असती.

फाइलींचा क्रम सगळ्या फोल्डरांना मिळून, नावाच्या वर्णानुक्रमाने लागतो आणि पहिली जुळणारी फाइल जिंकते. बाकीच्या लागूच होत नाहीत. उबुंटूवर नेटप्लॅन (नेटवर्क सेटिंगचं साधन) रन फोल्डरात १०-नेटप्लॅन ने सुरू होणारी स्वतःची लिंक फाइल बनवतं. तुम्ही तुमची फाइल १०-वॅन.लिंक अशी ठेवलीत तर रोमन वर्णमालेत नेटप्लॅनचं एन तुमच्या डब्ल्यूच्या आधी येतं आणि तुम्ही हरता. मी ०५ ने सुरुवात करतो. खरं तर नेटप्लॅनच वापरत असाल तर वेगळी लिंक फाइल नकोच, त्याच्याच वायएएमएल फाइलीत "मॅच" खाली मॅक आणि "सेट-नेम" लिहा. दोन ठिकाणी लिहिलेलं नाव कधीतरी वेगळं होतंच.

फक्त "मॅकअ‍ॅड्रेस=" वर जुळवू नका. व्हीलॅन, ब्रिज आणि बॉन्ड ही खऱ्या कार्डावर बनवलेली आभासी कार्डं आपल्या खालच्या कार्डाचा मॅक उचलतात, मग तेही तुमच्या फाइलीला जुळतात आणि त्यांनाही वॅन० म्हणायचा प्रयत्न होतो. "पर्मनंटमॅकअ‍ॅड्रेस=" त्यासाठीच सुचवलं. सिस्टिमडी २४५ च्या आधी ते नव्हतं, तिथे सोबत "ड्रायव्हर=" लिहून अट घट्ट करा. अ‍ॅझ्युअरवर अ‍ॅक्सिलरेटेड नेटवर्किंग चालू असेल तर ड्रायव्हरची अट कुठल्याही आवृत्तीत हवीच. तिथे सिंथेटिक कार्ड आणि त्यामागचं व्हर्च्युअल फंक्शन (खऱ्या कार्डाचा व्हीएमला दिलेला तुकडा) या दोघांचा मॅक मुद्दाम एकच ठेवलेला असतो. नाव द्यायचं ते सिंथेटिकला, म्हणून ड्रायव्हर एचव्ही_नेटव्हीएससी.

लिंक फाइलीऐवजी युडेव्हचा नियम लिहिणारे अजून पुष्कळ आहेत, आणि तो चालतो. तिथे मॅक लहान लिपीतच लिहा. युडेव्ह अक्षरशः तुलना करतं आणि सिस खालचा पत्ता लहान लिपीत असतो. मोठ्या अक्षरांत लिहिलेला नियम गुपचूप जुळत नाही, चूकही दाखवत नाही.

इनिटरॅमएफएस: विसरलेली प्रत

फाइल बरोबर, मॅक बरोबर, तरी रीबूटनंतर जुनंच नाव? कार्डाचा ड्रायव्हर बऱ्याचदा इनिटरॅमएफएसमध्येच (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या छोट्या तात्पुरत्या फाइलसिस्टिममध्ये) लोड होतो आणि नाव तिथेच ठरतं. त्या वेळी जी वाचली जाते ती तुमच्या लिंक फाइलीची तिथली प्रत, आणि ती जुनी असते किंवा नसतेच. ती प्रत नवी करायला डेबियन आणि उबुंटूवर "अपडेट-इनिटरॅमएफएस -यू", रेड हॅटच्या घराण्यात "ड्रॅकट -एफ". फाइलीत बदल केला की दर वेळी. मी हा आदेश बदलाच्याच स्क्रिप्टमध्ये टाकून ठेवला आहे, कारण लक्षात ठेवून करणं मला जमलेलं नाही.

नाव बदललं, आता बाकीच्यांना कळवा

नेटवर्कमॅनेजरची प्रोफाइल जुन्या नावाला बांधलेली असेल तर ती लागतच नाही. तो आपणहून "वायर्ड कनेक्शन १" बनवतो आणि डीएचसीपीवर (आपोआप पत्ता देणाऱ्या सेवेवर) पत्ता घेतो. स्थिर पत्ता गायब आणि भलताच पत्ता हजर, असं दिसलं की इथे बघा. डेबियनची इंटरफेसेस फाइल, फायरवॉल, डीएचसीपी सर्व्हरचं ऐकण्याचं कार्ड, मॉनिटरिंग, सिसकंट्रोलमधल्या कार्डनिहाय ओळी: इटीसी फोल्डरात जुनं नाव ग्रेपने शोधा, आठवणीवर जाऊ नका.

नव्या कर्नलमध्ये एका कार्डाला पर्यायी नावंही असतात, "आयपी लिंक" मध्ये ती "ऑल्टनेम" म्हणून दिसतात. तुमची लिंक फाइल लागू झाली की डिफॉल्ट फाइल बाजूला पडते आणि ही पर्यायी नावंही जातात. हवी असतील तर "ऑल्टरनेटिव्हनेम्सपॉलिसी=" तुमच्या फाइलीत स्वतः लिहा. मात्र त्यावर फायरवॉल टाकू नका. "आयपी" आदेशाला पर्यायी नाव समजतं, पण आयपीटेबल्स आणि एनएफटेबल्सचं नावावरून जुळवणं मुख्य नावाशीच होतं.

टेम्प्लेट बनवताना

टेम्प्लेटमध्ये मॅक लिहिलेली कोणतीही फाइल मागे ठेवू नका: ना लिंक फाइल, ना ७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स, ना क्लाउड-इनिट या पहिल्या बूटला सेटिंग करणाऱ्या साधनाने बनवलेली ५०-क्लाउड-इनिट.वायएएमएल. या शेवटच्या फाइलीत मॅक आणि "सेट-नेम" दोन्ही असतात आणि क्लोनवर ती जुन्याच मॅकला शोधत बसते. जाता जाता इटीसीमधली मशीन-आयडी फाइलही रिकामी करा. तिचा नावाशी संबंध नाही, पण सिस्टिमडी-नेटवर्कडी डीएचसीपीची ओळख तिच्यावरून बनवतं, आणि दोन क्लोन एकच पत्ता मागू लागले की दोष पुन्हा कार्डाच्या नावावर येतो.

तपासणी

साधं रीबूट पुरेसं नाही. मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा, कारण होस्टवरची बदललेली ओळ बऱ्याचदा तेव्हाच वाचली जाते. मग एक फालतू कार्ड जोडा, चालू करा, नावं बघा. ते काढा, पुन्हा बघा. माझ्या राउटरला ही परीक्षा आधी दिली असती तर पहिल्याच फेरीत नापास झाला असता. आणि हे सगळं करताना एसएसएच सोडून कन्सोलची खिडकी उघडी ठेवा. "आयपी लिंक" चालवून लॅन० आणि वॅन० आपापल्या मॅकसमोर दिसले की त्यानंतरच फायरवॉलचे नियम नव्या नावांवर चढवा.